कपाटातला डावा हात

मित्रांनो, आधी घाबरणं थांबवा. टेबलावर कोपरापासून बोटांपर्यंत एकटाच पडलेला हात दिसला की नवा माणूस दचकतो, हे मला आता सवयीचं झालं आहे. एकदा खिडक्या पुसायला आलेले गृहस्थ तर बादली तिथेच टाकून पळाले होते. पण माझ्यात हाड नाही, मांस नाही आणि मी कुणाच्या खांद्यावरून निखळून आलेलो नाही. मी एक जुना रबरी हात आहे, आणि त्यातही डावा. ज्या इस्पितळात हृदयाचे डॉक्टर तयार होतात, तिथल्या सरावाच्या खोलीत माझं आयुष्य गेलं. सुया टोचून टोचून माझ्या मनगटाची चाळण झाली आहे. ती बघून कुणी 'अरेरे' म्हटलं की मला राग येतो, कारण ती माझी कमाई आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या एका धिप्पाड रंगाऱ्याच्या हाताचा साचा घेतला होता, म्हणून माझी नखं रुंद आहेत आणि करंगळी किंचित वाकडी. साच्यात मऊ रबर ओतण्याआधी कोपरापासून मनगटापर्यंत एक बारीक नळी ताणून बसवली. ती माझी धमनी. नळीत लाल पाणी भरायचं, खाली ठेवलेला छोटा पंप पायाने दाबत राहायचा, की माझ्या मनगटावर नाडी उडू लागते. तपासणीच्या टेबलावर चष्मा लावलेल्या एका बाईंनी माझ्या मनगटावर बोटं ठेवली, जरा वेळ डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हा जिवंत आहे. पुढचा आणा." जन्मल्या जन्मल्या एवढी शाबासकी मिळाली तर कुणाचीही मान ताठ होईल. मला मान नाही, हा भाग वेगळा.

आता माझं काम काय, ते सांगतो. माणसाच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या कधीकधी आतून तुंबतात. मग डॉक्टर शरीरात दुसरीकडून एक लांब, बारीक नळी सरकवत हृदयापर्यंत नेतात आणि तुंबलेली जागा आतून मोकळी करतात. पूर्वी ही नळी जांघेतून घालत. तिथली धमनी चांगली जाड, सुई मारली की सापडतेच. पण नंतर बिचाऱ्या रोग्याला तासन्‌तास उताणं पडून राहावं लागे. कूस बदलायची सोय नाही. मनगटातून नळी घातली, तर काम संपताच माणूस उठून बसतो, पाणी पितो, घरच्यांवर ओरडूही शकतो. रोग्याचं सुख वाढलं आणि डॉक्टरचं कठीण झालं, कारण मनगटातली धमनी जेमतेम पेनातल्या कांडीएवढी असते. ती पकडायला हात तयार व्हावे लागतात. ते तयार होताना कुणाला दुखू नये, यासाठी आम्हाला जन्माला घातलं.

आम्ही म्हणजे मी आणि माझा भाऊ उजवा. एकाच खोक्यातून, एकाच भुशात गुंडाळून आलो. खोकं उघडलं आणि आमची वाट वेगळी झाली. हे काम करणारा डॉक्टर रोग्याच्या उजव्या बाजूला उभा राहतो. उजवं मनगट त्याच्या अगदी हाताशी असतं, म्हणून सगळे उजव्याच मनगटातून जातात. डाव्यातून जायचं तर रोग्याचा डावा हात त्याच्या पोटावर आडवा ठेवून डॉक्टरला वर ओणवं व्हावं लागतं. कुणी सांगितलाय उपद्व्याप? त्यामुळे उजव्याला टेबलावर मानाची जागा मिळाली आणि मला कपाटात खालचा कप्पा. शेजारी कापसाचे गठ्ठे आणि एक मोडका दिवा. काही दिवसांनी कुणीतरी माझ्या अंगठ्याला किल्ल्यांचा जुडगा अडकवला. डॉक्टर घडवायला आलो होतो, खुंटी झालो. कपाटाच्या फटीतून मला उजव्याभोवतीची गर्दी दिसे आणि माझा नुसता जळफळाट होई.

एका दुपारी कपाट उघडलं ते धाकटीने. त्या वर्षीच्या शिकाऊ डॉक्टरांत ती वयाने सगळ्यांत लहान, आणि उंचीनेही, म्हणून सगळे तिला धाकटी म्हणत. उजव्याजवळ तिचा नंबर लागायचा तेव्हा कुणीतरी थोरला म्हणायचा, "एकदाच करतो गं, मग तू घे," आणि ते एकदाच काही संपायचं नाही. ती हातमोजे शोधायला आली होती. किल्ल्या अंगठ्यात घेऊन बसलेला मी दिसल्यावर तिला हसू आलं.

"तू मोकळाच दिसतोस," ती म्हणाली. तिने किल्ल्या काढून बाजूला टाकल्या, मला बेसिनमध्ये साबणाने धुतलं आणि माझ्या नळीत लाल पाणी भरलं. किती दिवसांनी नाडी उडाली माझी.

विभागाचे मोठे डॉक्टर खोलीत आले, तेव्हा ती माझ्यावर वाकलेली होती. मोठे डॉक्टर बोलायला कमी आणि बघायला जास्त. वर्षानुवर्षं क्ष-किरण अडवणारा शिशाचा जड एप्रन अंगावर घालून उभं राहिल्याने त्यांची पाठ कामातून गेली होती. कुठेही बसायच्या आधी ते काखेतली छोटी उशी खुर्चीवर ठेवत.

"डाव्यावर कशाला? उलटी सवय लागेल," ते म्हणाले.

"सर, उजवा मिळाला की त्याच्यावरही करीन. तोवर बसून काय करू?"

मोठ्या डॉक्टरांनी खांदे उडवले आणि उशी घेऊन गेले.

तेव्हापासून धाकटी रोज येऊ लागली. टेबलावर एक लोड ठेवायची, ते रोग्याचं पोट. त्यावर मला आडवं ठेवायची, स्वतः उजव्या बाजूला उभी राहायची आणि ओणवी होऊन माझं मनगट चाचपायची. सुरुवातीला तिची फार फजिती झाली. नाडी लागेना म्हणून ती बोटं आणखी दाबायची, आणि दाबल्यामुळेच नाडी बुजून जायची. मग ती पंपावर चिडायची, नळीवर चिडायची, माझ्यावर तर चिडायचीच. एके दिवशी कंटाळून तिने बोटं नुसती सैल टेकवली आणि नाडी आपण होऊन तिच्या बोटांखाली आली. ती अशी चमकली, की पंप दाबायचा राहून गेला आणि नाडी पुन्हा बंद पडली. पण त्यानंतर तिने मनगट कधी दाबलं नाही.

मग सुई. सुई तिरकी धरायची, लाल थेंब दिसला की हात तिथेच गोठवायचा, आणि सुईच्या पोटातून बारीक तार आत सोडायची. तारेवरून छोटी नळी. छोट्या नळीतून लांब नळी. हे सगळं करताना पाठ वाकलेली, मान अवघडलेली. ती इतकी तरबेज झाली, की शिकाऊ डॉक्टरांची आपसात चढाओढ लागली तेव्हा माझ्यावर आणि उजव्यावरही तिचाच पहिला नंबर आला. थोरले टाळ्या वाजवत होते आणि मी टेबलावर फुगून बसलो होतो. आता कपाट सुटलं, असं मी धरूनच चाललो होतो.

पण खऱ्या मनगटाशी गाठ पडली आणि तिची पार दाणादाण उडाली.

पहिलाच रोगी एक बसचालक होता. सुई लागली, तार गेली, आणि मध्येच कुठेतरी अडकली. धाकटीने ती पुढे रेटली. बसचालक कळवळला. त्याच्या धमनीने अशी मिठी घातली, की तार पुढेही जाईना आणि मागेही येईना. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी हात घातला आणि जांघेतून काम पुरं केलं. पुढच्या रोग्याच्या वेळीही तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. थोरले मदतीला येत, पण त्यांच्या डोळ्यांतली कीव धाकटीला सहन होत नसे.

हे मला कसं कळलं? ती माझ्याजवळ बसून आईशी फोनवर बोलत होती. एकीकडे मला पुसत होती, म्हणून फोन टेबलावर ठेवला होता आणि दोन्हीकडचं बोलणं मला ऐकू येत होतं.

"तो बसचालक मला काय म्हणाला माहितीये? म्हणाला, डॉक्टरबाई, तुम्ही तर म्हणाला होतात की लगेच उठून बसाल. आता मला कुशीवरसुद्धा वळू देत नाहीत. आई, मी हे सोडून देऊ का? सोनोग्राफीच्या खोलीत जागा आहे. तिथे कुणाला टोचायचं नसतं."

"जेवलीस का?" आईने विचारलं.

"आई, मी काय विचारतेय?"

"ते ऐकलं मी. पण उपाशीपोटी घेतलेला तुझा एकही निर्णय आजवर धड निघालेला नाही. लहानपणी सुईत दोरा गेला नाही की सुई भिरकावून द्यायचीस. मग मी अख्खं घर झाडून ती शोधायची."

"आणि मी?"

"तू जेवून यायचीस आणि एका झटक्यात ओवायचीस. जेव आधी. सोडायचं काय ते नंतर बघ."

धाकटी जेवली की नाही ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी ती आली. तिच्या मागोमाग मोठे डॉक्टरही आले. त्यांनी उशी ठेवली, बसले आणि माझ्याकडे बोट केलं.

"याच्यावर कर बघू."

तिने बिनचूक केलं. मोठ्या डॉक्टरांचा चेहरा तसाच.

"आता सांग, हा कधी कळवळला का?"

"रबराचा आहे, सर."

"तेच म्हणतोय मी. याला दुखत नाही, म्हणून तू बिनधास्त घुसतेस. माणसाची धमनी दुखली की आवळते. आवळली की तू जोर लावतेस. तू जोर लावलास की ती आणखी आवळते. मग मी धावत येतो आणि रोग्याचा पाय धरतो."

धाकटीला या बोलण्यावर हसावं की रडावं ते कळेना. मला मात्र ते चांगलंच झोंबलं. एवढे दिवस निमूट टोचून घेतलं, तोच माझा अवगुण ठरला. अहो, मला तसंच घडवलंय, मी काय करणार?

पण धाकटी माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होती. "सर, याला दुखायला लावता येईल," ती म्हणाली.

त्या आठवड्यात तिने माझी जुनी नळी काढून तिच्याहून मऊ आणि बारीक नळी बसवली. नळीभोवती आतून एक नायलॉनचा दोरा फिरवला आणि त्याचं टोक कोपराकडून बाहेर काढलं. दोरा ओढला की नळी आवळायची. मग मोठे डॉक्टर उशीवर बसून, वर्तमानपत्र तोंडासमोर धरून, तो दोरा हातात ठेवू लागले. धाकटीने सुई दोनदा उगाच हलवली, की दोरा ओढला. तार जराशी रेटली, की दोरा ओढला. पानामागून त्यांचा आवाज यायचा, "रुसला बघ."

मित्रांनो, रुसण्यात काय मजा आहे म्हणून सांगू. आयुष्यभर सगळ्यांचं ऐकून घेतलेल्याला एकदम नाही म्हणता यावं, तसं मला झालं. मी हवं तेव्हा रुसत होतो आणि धाकटीला माझी मनधरणी करावी लागत होती. तारेला किंचित अडलं, की ती आता हात सोडायची. अगदी सोडायची. थोडी मागे यायची, औषध म्हणून नळीत दोन थेंब साधं पाणी घालायची, आणि थांबायची. हे थांबणं तिला सुई मारण्यापेक्षा जड गेलं. पहिल्यांदा ती थांबायची तेव्हा ओठ चावायची. नंतर नंतर ती थांबता थांबता गुणगुणायला लागली आणि दोरा सैल झालेला तिला बोटांनीच कळायला लागला.

याखेरीज मोठ्या डॉक्टरांनी तिला आणखी एक काम लावलं. सकाळी रोग्यांच्या रांगेत जायचं आणि मनगट हातात घेऊन नुसती नाडी बघायची. सुई नाही, काही नाही. गार हात, घामेजलेले हात, थरथरणारे हात. ती परत येऊन मला सांगायची, कुणाची नाडी कशी पळत होती आणि गप्पा मारल्यावर कशी निवली. हळूहळू खऱ्या कामातही जमू लागलं. कधी एखादी धमनी रुसायची आणि मोठ्या डॉक्टरांना पुढे व्हावं लागायचं, पण ते दिवस विरळ होत गेले. सोनोग्राफीच्या खोलीचं नाव पुन्हा निघालं नाही.

आणि मग बाई आल्या.

बाई एका कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवत. त्यांना स्वतःलाही लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. शाळेचा जिना चढताना त्यांच्या छातीत कळ येऊ लागली होती. तपासणीत दिसलं, की हृदयाची एक मुख्य धमनी जवळजवळ बंद आहे आणि ती उघडायला उशीर झाला तर काहीही होऊ शकतं. बाहेर गडबड होती, म्हणून मोठे डॉक्टर, धाकटी, बाई आणि त्यांची मुलगी असे सगळे बोलायला सरावाच्या खोलीत येऊन बसले. बाई हातांनी बोलत आणि मुलगी ते आपल्या तोंडाने सांगे. मी जन्माचा हात, पण एवढे बोलके हात मी पहिल्यांदाच पाहत होतो. माझी तर एक करंगळी वाकत नाही.

"पायाच्या धमन्या फार अरुंद झाल्यात. तिथून जाता येणार नाही," मोठे डॉक्टर सांगत होते. "मनगटातूनच करावं लागेल. उजवा हात एका फळीवर ठेवू आणि तो हलू नये म्हणून हलकेच बांधू."

मुलीने हे हातांनी सांगितलं मात्र, बाईंनी उजवा हात झटकन मांडीवर ओढून घेतला. मग डाव्या हाताने काहीतरी भराभर सांगू लागल्या.

"आई म्हणतेय, हा हात मिळणार नाही," मुलगी म्हणाली. "मागे एका शस्त्रक्रियेत हिचे दोन्ही हात बांधले होते. भूल नीट लागली नव्हती. हिला सगळं दुखत होतं आणि कुणाला सांगताच येईना. आई म्हणतेय, मला ऐकू येत नाही, याचं मला काही वाटत नाही. पण माझे हात बांधले की मी मुकी होते. तसं होणार असेल तर मी घरी जाते."

बाई खरंच उठायच्या बेतात होत्या, आणि त्या घरी गेल्या तर काय होईल हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

"डाव्या मनगटातून करता येईल," मोठे डॉक्टर शेवटी म्हणाले. "उजवा हात मोकळा राहील. पण त्यासाठी बराच वेळ वाकून उभं राहावं लागतं, आणि माझी पाठ आता तेवढं वाकू देत नाही."

"सर," धाकटी म्हणाली, "मी वाकूनच शिकलेय."

बाईंनी तिच्या ओठांकडे बघितलं आणि मुलीकडून विचारलं, "डाव्या हातातून किती माणसांवर केलंय?"

"एकावरही नाही," धाकटीने सांगितलं. "उजव्यातून बरीच केलीत. डाव्यातून फक्त याच्यावर. सर माझ्या शेजारी उभे राहतील."

याच्यावर म्हणताना तिने माझ्याकडे बोट दाखवलं. बाईंनी मला उचललं, उलटंसुलटं केलं आणि माझ्या मनगटाची चाळण नीट निरखली. मग मला लोडावर ठेवून त्या हाताची घडी घालून बसल्या. करून दाखव, असं त्याचं सरळ भाषांतर होतं.

माझी तर परीक्षाच होती. धाकटी ओणवी झाली. सुई लागली, तार सरकली, आणि मोठ्या डॉक्टरांनी कसलीही दयामाया न दाखवता दोरा करकचून ओढला. इतका मी आयुष्यात रुसलो नव्हतो. धाकटीने हात सोडला. मागे आली. थांबली. बाई पुढे झुकून बघत होत्या, मोठे डॉक्टर दोरा सोडत नव्हते, आणि धाकटी काही जोर लावत नव्हती. दोरा सैल झाल्यावर कुठे तिने तार पुढे नेली.

बाईंनी मुलीकडे बघून दोनच हालचाली केल्या.

"आई म्हणतेय, ही थांबते. चालेल."

मग धाकटीने बाईंकडून मोजक्या खुणा शिकून घेतल्या. दुखतंय, थांब, श्वास, चल. ती खुणा करायची आणि बाई खुदकन हसायच्या. "आई म्हणतेय, तुमचे उच्चार भयंकर आहेत," मुलगी म्हणाली, "पण अर्थ कळतो."

कामाच्या दिवशी मी टेबलावर होतो आणि समोर भिंतीवरचा पडदा चालू होता. आत काम चालतं ते शिकाऊ डॉक्टरांना त्या पडद्यावर दिसतं आणि ऐकूही येतं. सगळी फौज पडद्याखाली जमली होती. बाईंचा डावा हात पोटावरच्या उशीवर आडवा ठेवला होता, अगदी मला लोडावर ठेवायची तसा. उजवा हात छातीजवळ मोकळा. मुलगी शिशाचा एप्रन घालून उशाशी उभी होती. मोठे डॉक्टर हात पाठीमागे बांधून धाकटीच्या शेजारी.

धाकटीने बोटं टेकवली. सुई एका दमात लागली. तार गेली, छोटी नळी बसली, लांब नळी कोपरापर्यंत पोचली. आणि तिथे अडली.

पडद्यावर बाईंची मूठ छातीवर आवळली. दुखतंय.

"रेट ना थोडं," पडद्याखाली कुणीतरी पुटपुटलं. मला तोंड असतं तर मी त्याला गप्प केलं असतं.

धाकटीने नळीवरचे हात उचलले. तिने आतून औषध सोडलं, सिस्टरना बाईंच्या हातावर ऊबदार टॉवेल ठेवायला सांगितला, आणि ती थांबली. कुणी तिला घाई करावी, तर ते मोठे डॉक्टरच करू शकले असते, आणि ते छताकडे बघत होते. धाकटी बाईंच्या डोळ्यांत बघत होती आणि बाई तिच्या. मास्कच्या आत ती गुणगुणत होती, हे मला पैजेवर सांगता येईल.

बाईंची मूठ उलगडली. मग तो हात हलला. चल.

नळी लोण्यातून जावी तशी पुढे गेली. खांद्याशी वळण आलं तेव्हा धाकटीने स्वतःचे खांदे उचलून मोठा श्वास घेतला, बाईंनी तिचं बघून तसाच घेतला, आणि नळी हृदयाच्या दाराशी पोचली. पुढचं काम धाकटीने असं केलं, की मोठ्या डॉक्टरांचे हात पाठीमागून पुढे आलेच नाहीत. पडद्यावर तुंबलेली धमनी सुकलेल्या ओढ्यासारखी दिसत होती. तिला मोकळं धरणारी छोटीशी जाळी आत उघडली, क्ष-किरणांत दिसणारं औषध सोडलं आणि तो ओढा टोकापर्यंत भरून वाहिला. पडद्याखाली एकच गलका उठला. थोरले एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. कुणीतरी आनंदाने मला हातात घेऊन जोरजोरात हलवला. आयुष्यातलं माझं ते पहिलं हस्तांदोलन.

धाकटीने नळी काढून बाईंच्या मनगटाला पट्टा बांधला. तो आधी जरा घट्ट झाला, म्हणून तिने किंचित सैल केला. रक्त थांबायला हवं आणि खाली नाडीही उडत राहायला हवी. दोन्ही जमल्याची खात्री करून ती सरळ झाली आणि कंबर धरून उभी राहिली.

"सर, ठीक झालं का?"

"मला काय विचारतेस? त्यांना विचार," मोठे डॉक्टर म्हणाले. मग एप्रन सोडता सोडता म्हणाले, "पुढच्या वेळी मला बोलावू नकोस. मला निवांत चहा पिऊ दे." याहून मोठी शाबासकी त्या माणसाने कधी कुणाला दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

बाई उठून बसल्या होत्या. मुलीच्या खांद्याला टेकून उजव्या हाताने त्या इतकं बोलत होत्या, की मुलीला एकेक शब्द सांगणं अशक्य झालं. "जाऊ दे," ती हसत आणि रडत धाकटीला म्हणाली, "थोडक्यात, आई खूश आहे."

दुसऱ्या दिवसापासून माझ्याभोवती रांग लागली. ज्याला त्याला डावा हवा. ज्याला त्याला माझं रुसणं हवं. उजव्यालाही दोरा बसवला, पण बिचाऱ्याचं रबर तोवर फाटत आलं होतं. त्याला कुणी वेळेवर धुतलं नाही, पुसलं नाही, लाल पाणी आत तसंच सुकू दिलं, आणि शेवटी तो टाकून द्यावा लागला. भाऊच होता माझा. त्याने घडवलेले डॉक्टर आज कुठे कुठे लोकांना बरे करत आहेत, आणि त्याची आठवण काढणारा मी एकटाच आहे. त्याच्या जागी नवे, संगणकाचे हात आलेत. ते छान आहेत. पण धाकटी, जी आता धाकटी राहिलेली नाही आणि दुसऱ्यांना शिकवते, पहिला धडा माझ्यावरच देते.

मध्यंतरी बाई आपल्या मुलीला आणि शाळेतल्या मुलांना घेऊन मला बघायला आल्या. जिने चढून आल्या आणि धापही लागली नाही. खोली मुलांनी भरून गेली, आवाज कसलाच नाही, आणि तरी एवढा गोंधळ मी कधी पाहिला नव्हता, कारण सगळ्यांचे हात एकाच वेळी बोलत होते. धाकटीने पंपावर पाय ठेवला आणि दोन वेण्यांच्या एका मुलीची बोटं माझ्या मनगटावर टेकवली. माझी नाडी उडाली. मुलीने दचकून बोटं काढली, पुन्हा टेकवली. तिचा चेहरा बघता बघता उजळला. तिने वळून काहीतरी खूण केली.

"ती म्हणतेय," बाईंच्या मुलीने सांगितलं, "याचं मला ऐकू येतंय."

मग सगळ्या मुलांनी हात वर केले आणि हवेत हलवायला सुरुवात केली. त्यांच्या टाळ्या अशा असतात. एवढे हात, इतके उंच, आणि सगळे माझ्यासाठी आणि धाकटीसाठी. मित्रांनो, मी रबराचा आहे, पण त्या दिवशी मला भरून आलं.

आता तुमच्याकडे माझं मागणं आहे. ज्या वस्तूंवर तुम्ही शिकता, त्या काम झाल्यावर धुऊन, पुसून, जागेवर ठेवा. त्या तुमच्या चुका सोसतात, म्हणून दुसऱ्या कुणाला त्या सोसाव्या लागत नाहीत. आणि तुमच्या शेजारी कुणी चुकत, अडखळत शिकत असेल, तर त्याला हसू नका आणि घाईही करू नका. एवढंच मला सांगायचं होतं. रांगेतला पुढचा डॉक्टर माझ्यापाशी येऊन उभा राहिला आहे. त्याची बोटं गार पडली आहेत, म्हणजे आज त्याचा पहिला दिवस असणार. मला आता कामाला लागलं पाहिजे.